कारखान्याचं सांडपाणी आणि पाणथळ वनस्पती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं लिहिताना एमआयडीसीतले छोटे उद्योजक, नदी-खाडीकाठच्या ग्रामपंचायती आणि या विषयावर प्रकल्प करणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवले आहेत. मोठ्या कारखान्याची अख्खी ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा) यातून उभी राहणार नाही. वनस्पतींचा वाफा, म्हणजे पाणथळ झाडं लावलेला खडीचा खड्डा ज्यातून सांडपाणी सावकाश जातं, तो कुठे चालतो, कुठे चालत नाही आणि का, एवढं मात्र कळेल.

पाणकणीस, बोरू, कर्दळ सांडपाण्यातलं विष शोषून घेतात, हे खरं का?

थोडं खरं आहे, पण सांगितलं जातं त्या अर्थाने नाही. लोकांना वाटतं, धातू मुळांतून वर चढतात, पानांत साठतात आणि पानं कापली की विष गेलं. हिशेब करून बघा. रोज १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर पाणी येतं आणि त्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम जस्त आहे असं धरू. दिवसाला २० ग्रॅम, वर्षाला साधारण ७.३ किलो जस्त. वाफा १६० चौरस मीटरचा असेल तर दर चौरस मीटरवर वर्षाला सुमारे ४५ ग्रॅम जस्त येऊन पडतं. आता पाणकणसाची वाळलेली पानं वर्षाला चौरस मीटरमागे २ किलो धरा आणि त्यांत किलोमागे ५० मिलिग्रॅम जस्त. कापणीतून बाहेर गेलं ०.१ ग्रॅम. ४५ ग्रॅमपैकी ०.१! यातले पानांचे आकडे दुप्पट-चौपट केले तरी निष्कर्ष बदलत नाही.

मग पाणी सुधारतं कसं? बहुतेक काम मुळांभोवतीच्या जिवाणूंचं, खडीचं आणि तळच्या गाळाचं असतं. वनस्पती जिवाणूंना बसायला जागा देते, मुळांतून थोडा प्राणवायू आणि थोडी शर्करा व सेंद्रिय आम्लं पाझरवते, पाण्याचा वेग कमी करते. जर्मनीत केटे झाइडेल यांनी १९५०च्या दशकात फिनॉलसारखी रसायनं असलेल्या पाण्यावर पाणगवतांचे प्रयोग केले, तिथून या पद्धतीचा आधुनिक इतिहास सुरू होतो. त्यानंतरच्या अनुभवाने एक गोष्ट पक्की झाली आहे: वाफा हिरवागार दिसतोय म्हणून बाहेर पडणारं पाणी चांगलं आहे असं समजू नये.

मग अशा पाण्यात ही झाडं मरत का नाहीत?

पहिली अडचण विषाची नसते, श्वासाची असते. बीओडी (पाण्यातला सेंद्रिय माल कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) जास्त असलेल्या पाण्यात जिवाणू सगळा विरघळलेला प्राणवायू संपवतात. अशा चिखलात टोमॅटोचं रोप दोन-चार दिवसांत मान टाकतं. पाणकणसाचं पान आडवं कापून बघा: आत ओळीने रिकामे, हवेचे कप्पे दिसतील. हीच पोकळ ऊती खोडातून जमिनीखालच्या मूलकांडापर्यंत जाते. पाणकणीस आणि बोरू यांच्यात तर हवा नुसती झिरपत नाही. ऊन आणि पानातली दमट हवा यांमुळे कोवळ्या पानांत किंचित दाब तयार होतो, त्या दाबाने हवा खाली मूलकांडात ढकलली जाते आणि जुन्या, मोडक्या दांड्यांतून बाहेर पडते. म्हणून वाळक्या दांड्या कचरा समजून पाण्याखालून छाटणं ही मोठी चूक आहे. तो मार्ग पाण्याने भरला की मूलकांड गुदमरतं. तलावातलं नको असलेलं पाणकणीस मारायला हीच युक्ती वापरतात.

दुसरी गोष्ट मुळांच्या कातडीवर घडते. मुळांतून बाहेर झिरपणारा प्राणवायू आसपासच्या विरघळलेल्या लोहाला गंज चढवतो आणि मुळांवर नारिंगी-तांबूस लेप बसतो. आर्सेनिक, फॉस्फेट, शिसं आणि काही प्रमाणात जस्त या लेपाला चिकटतं. उपटलेली मुळं तांबूस दिसली तर घाबरू नका, ते बहुधा चांगलंच लक्षण आहे.

जे आत शिरतं ते बहुतेक वेळा ओळख चुकल्यामुळे शिरतं. कॅडमियम हा लोह, जस्त, कॅल्शियम यांच्या वाटेने घुसतो, आर्सेनेट फॉस्फेटच्या वाटेने, तर सहा संयुजेचा क्रोमियम सल्फेटच्या वाटेने. आत आल्यावर झाड तीन पातळ्यांवर अडवतं. पेशीभित्तिकेतलं पेक्टिन काही धातू धरून ठेवतं. ग्लुटाथायोन या आपल्याकडच्याच छोट्या रेणूपासून पेशी फायटोकिलेटिन नावाच्या गंधकयुक्त साखळ्या बनवते. त्या कॅडमियमसारख्या धातूला जखडतात आणि पेशीतल्या रिक्तिकेत नेऊन बंद करतात. क्रोमियमचं रूपांतर मुळांमध्येच कमी घातक, तीन संयुजेच्या रूपात होतं आणि ते तिथेच अडकून पडतं. एवढं होऊनही धातूंमुळे तयार होणारे आक्रमक ऑक्सिजन-रेणू उरतात, त्यांना कॅटालेज, पेरॉक्सिडेज ही विकरं निस्तरतात.

या सगळ्याचा परिणाम असा की बहुतेक पाणथळ वनस्पतींच्या मुळांत धातू भरपूर आणि पानांत कमी सापडतात. विष वर येऊ न देणं हाच त्यांचा जगण्याचा मार्ग आहे. पहिल्या प्रश्नातला हिशेब इतका तोकडा का येतो, त्याचं कारणही हेच.

धातू नष्ट होत नाहीत, मग जातात कुठे?

चिखलात. प्राणवायू नसलेल्या थरात काही जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात आणि सल्फाइडला भेटलेलं जस्त, शिसं, कॅडमियम, तांबं अविद्राव्य होऊन गाळात बसतं. पाणी वर टिकून आहे तोवर ही तिजोरी बंद असते.

उघडते ती वाळल्यावर, आणि आपल्याकडे हे दरवर्षी होऊ शकतं. साखर कारखान्याचं उदाहरण घ्या. गाळप हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपला की सांडपाणी थांबतं, वाफा मे महिन्यात भेगाळतो, हवा आत शिरते, सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होऊन आम्ल तयार होतं आणि धातू पुन्हा विरघळतात. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात ते सगळं एकदम बाहेर. त्यामुळे हंगामी उद्योगाने उन्हाळ्यात वाफा ओला ठेवण्यापुरत्या पाण्याची सोय आधीच करावी. खडीच्या माथ्याखाली २०-३० सेंटिमीटरपर्यंत पाणी उतरलं तरी चालेल, तळ कोरडा पडू देऊ नये.

कोणत्या पाण्याला कोणती वनस्पती?

एकच निवडायची झाली तर बोरू, म्हणजे फ्रॅग्मायटिस. मुळं ६० सेंटिमीटरपर्यंत आणि त्याहून खोल जातात, खारटपणा बऱ्यापैकी सोसतो, पीएचचे चढउतार पेलतो. दोष एकच: त्याच्या मूलकांडाची टोकं अणकुचीदार असतात आणि पातळ प्लास्टिक भोसकतात.

पाणकणीस लवकर पसरतं, आम्लाला दाद देत नाही (कोळसा खाणींतून पाझरणाऱ्या पीएच ३-४ च्या पाण्यातही ते वाढलेलं आढळतं), पण मुळं बहुधा वरच्या ३० सेंटिमीटरमध्येच राहतात. खोल वाफ्यात खालचा थर मग मुळांविना राहतो. अमोनिया खूप असेल, म्हणजे लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर, तर तेही खुरटतं. खताच्या किंवा औषधाच्या कारखान्याने हे ध्यानात ठेवावं.

कर्दळ दिसायला सुंदर आणि डेअरी, कँटीन, फळप्रक्रिया अशा सौम्य पाण्याला उत्तम. मिठाला ती कच्ची आहे. वाळा खारट आणि धातूयुक्त जमिनीत टिकतो, पण कायम बुडालेली मुळं त्याला बोरूइतकी मानवत नाहीत. वाफ्याच्या बांधावर तो शोभतो आणि बांधही धरून ठेवतो. नर्सरीत अंब्रेला पाम म्हणून मिळणारा सायपरस लहान वाफ्याला चांगला. वेखंड सावलीत चालतो, वाढ मात्र मंद.

एकाच जातीचा वाफा लावण्यापेक्षा दोन-तीन जाती लावा. एकीवर मावा किंवा करपा पडला तरी वाफा उघडा पडत नाही.

जलपर्णी तर फुकट मिळते. ती का नको?

जलपर्णीची मुळं धातू आणि गाळ पकडतात, यात शंका नाही. पण अनुकूल हवेत तिचं क्षेत्र एक-दोन आठवड्यांत दुप्पट होतं. पंचगंगा, इंद्रायणी, पवना यांच्या काठावर राहणाऱ्यांना (कोल्हापूरकडे तिला केंदाळ म्हणतात) याहून जास्त सांगायची गरज नाही. दाट थराखाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात. आणि काढली नाही तर ती तिथेच कुजते, पकडलेलं सगळं पाण्यात परत करते, वर स्वतःचा बीओडी घालते. बंदिस्त टाकीत, दर आठवड्याला ठरावीक भाग काढणारा माणूस नेमून ती वापरता येते. तो माणूस दोन महिन्यांनी दुसऱ्या कामाला लावला जातो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून आमचं मत: नको.

नदीत जलपर्णी माजणं हे नदी शुद्ध होत असल्याचं लक्षण नाही. नत्र-फॉस्फरस भरपूर येतंय, याचं आहे.

ठाण्याच्या खाडीतली तिवरं कारखान्यांच्या पाण्यात कशी तगली?

ठाणे खाडीच्या पूर्वेला ट्रान्स-ठाणे क्रीक औद्योगिक पट्टा, दोन्ही बाजूंना शहरं, आणि मध्ये हजारो फ्लेमिंगो. खाडीतल्या अभयारण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला. इथलं मुख्य झाड तिवर, म्हणजे अ‍ॅव्हिसेनिया मरिना. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळं ही त्याची हवेची सोय. पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात आणि मिठाबरोबर थोडं जस्त व तांबंही त्या बाहेर टाकतात. शिसं मात्र मुळांतच अडतं. शिवाय खाडीच्या चिखलात सल्फाइड मुबलक, त्यामुळे बराचसा धातू मुळांपर्यंत विरघळलेल्या रूपात पोचतच नाही.

तिवर जिथे हरतं ते तेलापुढे. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली, तेल किनाऱ्यावरच्या कांदळवनांत शिरलं. श्वसनमुळांवरची बारीक छिद्रं तेलाने बुजली की झाड गुदमरतं, धातू सोसण्याची सगळी यंत्रणा असूनही. दुसरा शत्रू भराव. श्वसनमुळं मातीखाली गेली की तोच परिणाम.

आणि एक: कांदळवन आहे म्हणून तिथे सांडपाणी सोडायला हरकत नाही, हा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. तिवर सोसतं, पण चिखलातल्या खेकड्यांना, कालवांना ते संरक्षण नाही, आणि ती आपल्या ताटात येतात.

आमच्या युनिटचं पाणी सरळ वाफ्यात सोडलं तर?

बहुतेक वेळा वाफा मरेल. वाफा हा शेवटचा टप्पा आहे, पहिला नाही. आधी काय करायचं ते पाण्यावर ठरतं.

प्लेटिंग (धातूचा मुलामा) किंवा पिकलिंगचं (आम्लाने धातूवरचा गंज काढणं) पाणी: पीएच २ च्या आसपास, धातू भरपूर. सहा संयुजेचा क्रोमियम असेल तर आधी पीएच २ ते ३ ठेवून सोडियम मेटाबायसल्फाइटने तो तीन संयुजेचा करा, मग चुन्याने पीएच ८.५ च्या आसपास आणा, गाळ बसू द्या. वरचं निवळ पाणीच पुढे. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी चुना टाकला, तर सहा संयुजेचा क्रोमियम गाळात बसत नाही, पाण्याबरोबर निघून जातो. ही चूक फार होते. सायनाइडचं पाणी कधीही या आम्लाच्या टाकीत मिसळू नका, विषारी वायू निघतो.

डेअरी: धुण्यासाठी कधी कॉस्टिक, कधी नायट्रिक आम्ल वापरतात, त्यामुळे एकाच दिवसात पीएच २ ते १२ असा हेलकावतो. पूर्ण दिवसाचं पाणी मावेल अशी समतोल टाकी हवीच. त्याआधी तूप-लोणी अडवणारा सापळा.

डिस्टिलरीचा स्पेंटवॉश (मद्यार्क काढून उरलेलं पाणी): बीओडी लिटरमागे ४०-६० हजार मिलिग्रॅम, रंग काळपट तपकिरी, आम्लधर्मी. वाफा विसरा. त्याला बायोमिथेनेशन (कुजवून जैववायू काढणं), बाष्पीभवन, प्रेसमडबरोबर (उसाच्या रसातला गाळ) कंपोस्ट किंवा बॉयलरमध्ये ज्वलन हेच मार्ग. साधं पाणी मिसळून आकडा खाली आणणं ही प्रक्रिया नव्हे, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राच्या अटींतही ते बसत नाही.

वाफ्यात शिरताना पाणी कसं असावं याचा ढोबळ अंदाज: पीएच ६.५ ते ८.५, बीओडी १५०-२०० च्या आत, तरंगता गाळ ५०-८० च्या आत, तेल-ग्रीस १० च्या आत (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटर).

कापड प्रक्रियेचं रंगीत पाणी यातून साफ होतं का?

रंग काही अंशी. अ‍ॅझो रंगांचा बंध प्राणवायू नसताना तुटतो, पण त्यातून अरोमॅटिक अमाइन्स नावाची संयुगं बाहेर पडतात आणि ती रंगहीन असली तरी काही विषारी असतात. त्यांचं विघटन प्राणवायू असताना होतं. म्हणून आधी आडव्या प्रवाहाचा (कायम भरलेला, प्राणवायू नसलेला), मग उभ्या प्रवाहाचा (पाणी वरून झिरपतं, हवा आत शिरते) असे दोन वाफे लागतात. एकाच वाफ्यातून पाणी पांढरं झालं म्हणून खूश होऊ नका, सीओडी (रसायनाने मोजलेली प्राणवायूची एकूण गरज) मोजा.

मीठ मात्र जात नाही. अजिबात नाही. सुती कापडाच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईत लिटरमागे ४० ते ८० ग्रॅम मीठ घालतात आणि ते जवळपास सगळं सांडपाण्यात उतरतं. इचलकरंजीसारख्या ठिकाणी खरी डोकेदुखी ही आहे. उलट वाफ्यातून टीडीएस (विरघळलेले क्षार) वाढूनच बाहेर पडतो, कारण झाडं आणि ऊन पाणी उडवतात. १६० चौरस मीटरच्या वाफ्यातून मे महिन्यात रोज ८ मिलिमीटर पाणी उडालं तर जवळजवळ १.३ घनमीटर कमी झालं. १० आत, ८.७ बाहेर. जे विरघळलेलं तसंच राहिलं, त्याची तीव्रता १५ टक्के वाढली. यासाठी आत आणि बाहेर दोन्हीकडे प्रवाह मोजल्याशिवाय टक्केवारी सांगू नये.

किती जागा लागेल?

आडव्या प्रवाहाच्या खडीच्या वाफ्यासाठी: क्षेत्रफळ = रोजचा प्रवाह × (आतल्या आणि बाहेरच्या बीओडीच्या नैसर्गिक लॉगरिदममधला फरक) ÷ वेगांक (वाफ्यात बीओडी किती वेगाने घटतो तो आकडा). वेगांक दिवसाला ०.१ मीटर धरा. पुस्तकात ०.१५ ही सापडेल, पण तो घरगुती सांडपाण्याच्या अनुभवावरचा आहे. कारखान्याच्या पाण्याला हात आखडता ठेवलेला बरा.

उदाहरण: रोज १० घनमीटर, बीओडी १५० वरून ३० वर आणायचा. १५० भागिले ३० म्हणजे ५, त्याचा लॉगरिदम १.६१. क्षेत्रफळ = १० × १.६१ ÷ ०.१ = १६१ चौरस मीटर. साधारण दीड गुंठा. पाण्याची खोली अर्धा मीटर आणि खडीतली पोकळी ३८ टक्के धरली तर पाणी आत तीन दिवस राहतं. ठीक आहे.

आता रुंदी. बहुतेक जण इथे चुकतात आणि चर खणल्यासारखा लांबट वाफा करतात. मग सगळा भार तोंडाशी अरुंद जागेवर पडतो आणि वाफा तोंडाशीच तुंबतो. प्रवेशाच्या उभ्या छेदावर (रुंदी × खोली) दर चौरस मीटरला दिवसाला २५० ग्रॅमपेक्षा जास्त बीओडी येऊ देऊ नये. आपल्याकडे रोज १५०० ग्रॅम, म्हणजे छेद ६ चौरस मीटर, खोली अर्धा मीटर, म्हणून रुंदी १२ मीटर आणि लांबी साडेतेरा. हा एकच वाफा न करता ६ मीटर रुंदीचे दोन शेजारी-शेजारी करा. एकाला विश्रांती देता येते.

बांधताना काय पाहायचं?

तळाला अर्धा ते एक टक्का उतार. वर १ मिलिमीटरचं एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर, त्याच्या खाली-वर जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड); बोरूच्या टोकांपासून तेच वाचवतं. नुसत्या मुरमाच्या तळावर औद्योगिक पाणी सोडणं म्हणजे शेजारच्या विहिरीत सोडणं. खडी ६० सेंटिमीटर: दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर ४० ते ८० मिलिमीटरचे दगड, मध्ये १० ते २० मिलिमीटरची काळ्या पाषाणाची खडी. वरच्या उदाहरणात एकूण सुमारे ९७ घनमीटर, म्हणजे ३४ ब्रास. खडी धुतलेली घ्या, आणि धुतलेली आहे असं सांगून आलेली असेल तरी मुठीत घेऊन पाण्याच्या बादलीत बुडवून बघा. क्रशरची भुकटी सहा महिन्यांत वाफा बंद पाडते.

आत येणारा पाइप पूर्ण रुंदीभर, भोकं पाडलेला. बाहेरच्या टोकाला तळाशी गोळा करणारा पाइप आणि चेंबरमध्ये वर-खाली फिरवता येणारा एल्बो. या दोनशे रुपयांच्या तुकड्याने पाण्याची पातळी ठरते आणि नेमका तोच विसरला जातो. चालू वाफ्यात पाणी खडीच्या माथ्याखाली ५ ते १० सेंटिमीटर असावं. वर दिसलं नाही की डास नाहीत, वास नाही.

लागवड कधी आणि कशी?

जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. बोरू आणि पाणकणसाच्या मूलकांडाचे १५-२० सेंटिमीटरचे, निदान एक-दोन डोळे असलेले तुकडे, चौरस मीटरला चार. १६० चौरस मीटरला साडेसहाशे तुकडे लागतील, शंभर जास्त आणा. स्वच्छ तळ्याकाठचे घ्या, पक्षी-अभयारण्यातून उपटू नका. तुकडा आडवा-तिरका ठेवा, खडीखाली ८-१० सेंटिमीटर, दांडीचं टोक पाण्यावर राहील असा.

पहिले सहा ते आठ आठवडे साधं पाणी, पातळी खडीच्या माथ्यापर्यंत. मग सांडपाण्याचा वाटा २५ टक्के, दोन आठवड्यांनी ५०, मग ७५, मग पूर्ण. पानांची टोकं करपली की एक पायरी मागे या. फायटोकिलेटिन, विकरं, मुळांवरचा लेप ही सगळी तयारी व्हायला झाडाला वेळ लागतो. सवय झाल्यावर पाण्याची पातळी आठवड्याला ५ सेंटिमीटर अशी हळूहळू २०-२५ सेंटिमीटर उतरवा आणि परत चढवा. मुळं पाण्यामागे खोल जातात.

पानं पिवळी पडत आहेत. विषबाधा का?

असेलच असं नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता, जी जस्त, निकेल किंवा तांबं जास्त झाल्यानेही होते, किंवा पीएच ८.५ च्या वर गेल्याने. जुनी पानं आधी आणि सगळी सारखी पिवळी असतील तर नत्र कमी आहे. साखर, कागद, स्टार्चच्या पाण्यात कार्बन भरपूर आणि नत्र-फॉस्फरस नावाला, हे नेहमीचं. बीओडी, नत्र, फॉस्फरस १००:५:१ हे प्रमाण धरलं तर आपल्या रोजच्या दीड किलो बीओडीला ७५ ग्रॅम नत्र आणि १५ ग्रॅम फॉस्फरस लागतो: सुमारे ७५ ग्रॅम डीएपी आणि १३५ ग्रॅम युरिया. ही वरची मर्यादा समजा आणि निम्म्याने सुरुवात करा, कारण वाफ्यात कुजणारी पानंही काही परत देतात.

टोकं आणि कडा करपणं म्हणजे मीठ किंवा बोरॉन. मुळं आखूड, जाड, फांद्या न फुटलेली असतील तर तांबं किंवा अ‍ॅल्युमिनियम यांच्यावर संशय घ्या. मुळं काळी आणि सडक्या अंड्याचा वास, म्हणजे सल्फाइड. येणारा सेंद्रिय भार कमी करा, पातळी उतरवा, वाफ्याला आठवडाभर विश्रांती द्या. सगळा वाफा एका रात्रीत झोपला तर टाकीतून आम्ल किंवा कॉस्टिकचा लोट आला आहे. नोंदवही बघा, शिफ्ट बघा.

खडीवर पाणी साचायला लागलं. आता?

तोंडाशीच साचत असेल तर तिथली एक-दोन मीटर लांबीची खडी काढून, धुऊन परत भरा. अख्खा वाफा उपसायची गरज सहसा नसते. धातूयुक्त पाण्याचा वाफा असेल तर धुतलेलं पाणी ईटीपीच्या सुरुवातीला परत सोडा, नाल्यात नाही. आणि गाळ आधी का अडला नाही ते शोधा, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेच.

कापणी किती वेळा करायची आणि कापलेल्याचं काय करायचं?

वर्षातून एकदा, पावसाळा संपून वाढ मंदावल्यावर, पाण्याच्या पातळीच्या निदान २०-३० सेंटिमीटर वर. धातू काढण्यासाठी नव्हे, पालापाचोळा आत कुजून भार वाढू नये म्हणून. डेअरीच्या वाफ्यातला पाला बिनधास्त कंपोस्ट करा. प्लेटिंग, रंग, चामडं यांच्या वाफ्यातला पाला गुरांना घालू नका, कंपोस्टात टाकू नका, उघड्यावर जाळू तर मुळीच नका. धातूंसाठी तपासून घ्या आणि अहवालाप्रमाणे पाठवा. गाळ घातक ठरला तर २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली तो तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्यासारख्या अधिकृत केंद्रातच जातो.

नाल्याकाठचा अळू चालतो का?

नाही. अळू स्वतः टवटवीत राहतो आणि कॅडमियम-शिसं कंदात, देठात थोडं-थोडं साठवतो. उकळून, चिंच घालून घशाची खाज जाते, धातू जात नाहीत. नाळीची भाजी, शिंगाडा, कमळकाकडी यांनाही हेच लागू.

काय-काय तपासायचं आणि किती असायला हवं?

नदी-नाल्यात सोडण्यासाठी पर्यावरण संरक्षण नियमांतली सर्वसाधारण मानकं (मिलिग्रॅम प्रतिलिटर): बीओडी ३०, तोही २७ अंशांवर तीन दिवसांचा, सीओडी २५०, तरंगता गाळ १००, तेल-ग्रीस १०, अमोनियाचं नत्र ५०, एकूण क्रोमियम २, सहा संयुजेचा ०.१; शिसं ०.१, जस्त ५, तांबं ३, निकेल ३, फिनॉल १, सल्फाइड २, पीएच ५.५ ते ९. तुमच्या उद्योगाची वेगळी मानकं असू शकतात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात याहून कडक आकडे असतील तर तेच बंधनकारक. वाफा बांधायच्या आधी संमतीपत्रात तशी दुरुस्ती करून घ्या.

पीएच आणि प्रवाह रोज, बीओडी-सीओडी महिन्याला, धातू तीन महिन्यांनी. वर्षातून एकदा तोंडाजवळचा, मधला आणि शेवटचा असे गाळाचे तीन नमुने घ्या. तोंडाजवळ धातू खूप आणि शेवटी नगण्य असेल तर वाफ्यात अजून जागा शिल्लक आहे. मधल्या नमुन्याचा आकडा तोंडाजवळच्या आकड्याला गाठायला लागला की खडी बदलायचा खर्च अंदाजपत्रकात धरा, कारण त्यानंतर बाहेरच्या पाण्यात धातू दिसायला फार काळ लागत नाही.